हे कोणत्या गाढवानं लिहिलंय?

एखादी चूक शोधत शोधत प्रोग्रामर दोन-तीन वर्षं जुन्या फाइलीत येऊन पोहोचतो आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडतात. व्हेरिएबलची, म्हणजे माहिती साठवायच्या कप्प्यांची, नावं 'टेम्प' आणि 'टेम्प२', एकेक फंक्शन, म्हणजे एक काम करणारा कोडचा तुकडा, तीनशे ओळींचं. हे दिवे कोणी लावले ते बघायला, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या 'गिट' या प्रणालीत, 'गिट ब्लेम' नावाची कमांड आहे. कोणत्या ओळीला शेवटचा हात कोणी आणि कधी लावला, हे ती सांगते. तो ती चालवतो आणि ओळीमागून ओळ त्याचंच नाव येत राहतं. (ब्लेम म्हणजे दोष. गिटच्या आधीच्या, तशाच कामाच्या सबव्हर्जनमध्ये हीच कमांड 'प्रेज', म्हणजे स्तुती, या नावानंही चालते. ते नाव टाइप करणारं कोणी मला अजून भेटलेलं नाही.)

लाज वाटते, ते समजण्यासारखं आहे. मला जास्त नवल वाटतं ते परकेपणाचं. स्वतःचं जुनं पत्र वाचताना ते बालिश वाटेल, पण आपलंच वाटतं. कोडच्या बाबतीत मात्र 'हे मी लिहिलंच नाही' असं छातीठोकपणे सांगावंसं वाटतं.

याचं मूळ स्मरणशक्तीच्या घडणीत आहे. चालू क्षणी आपण मनात किती गोष्टी धरून ठेवू शकतो? मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये मांडलेला अंदाज सुमारे चार इतकाच आहे. पण या चार 'गोष्टी' म्हणजे चार गठ्ठे, आणि एका गठ्ठ्यात किती माल मावेल हे सरावावर ठरतं. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी बुद्धिबळपटूंवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवला, की निष्णात खेळाडू तो बराचसा जसाच्या तसा मांडून दाखवायचा, नवख्याला ते जमायचं नाही. सोंगट्या वाटेल तशा विखरून ठेवल्या, की निष्णात खेळाडूची ही आघाडी जवळजवळ नाहीशी व्हायची.

कोड लिहिताना प्रोग्रामर त्या निष्णात खेळाडूच्या जागी असतो. ही यादी आधीच क्रमानं लावलेली आहे, हा आकडा शून्य असणारच नाही, तो फ्लॅग (हो-नाहीची खूण) फक्त परतफेडीच्या वेळी लागतो... आठवडेच्या आठवडे त्यातच बुडालेला असल्यामुळे या सगळ्याचे गठ्ठे पक्के बांधलेले असतात. काही महिन्यांत त्यांच्या गाठी सुटतात. पट तोच असतो, पण आता नुसत्या सोंगट्या दिसतात.

डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर १९८५ मध्ये याच्याही पुढे गेले. त्यांच्या मते खरा प्रोग्राम फाइलीत नसतोच. तो लिहिणाऱ्यांच्या डोक्यात असतो, हे असं का केलं आणि तसं का नाही याच्या समजुतीच्या रूपात. ती समजूत बाळगणारी माणसं पांगली, की प्रोग्राम मेला, मग तो यंत्रावर बिनबोभाट चालत का असेना. मला यात एवढीच भर घालावीशी वाटते, की पांगायला चार माणसं लागतातच असं नाही. एकटा माणूसही स्वतःपासून पांगतो.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत, एका चालू प्रोग्रामवरून दुसऱ्यावर उडी मारणाऱ्या भागात, एक टिप्पणी (कोड वाचणाऱ्या माणसासाठीची, यंत्र वगळतं ती नोंद) आहे: 'तुम्हाला हे समजावं अशी अपेक्षा नाही.' अनेकांना तो उद्धटपणा वाटला. युनिक्सच्या कर्त्यांपैकी एक, डेनिस रिची यांनी पुढे खुलासा केला, की 'हे परीक्षेला येणार नाही' अशा सुरात ते लिहिलं होतं, आणि खरी अडचण अशी, की तिथं काय चाललंय हे आम्हालाही कळलं नव्हतं. ती युक्ती एका विशिष्ट यंत्राच्या स्वभावावर बेतलेली होती. युनिक्स दुसऱ्या यंत्रावर न्यायची वेळ आली तेव्हा ती चालेना.

आता लाजेकडे येऊ. तिच्यात थोडी फसवणूक आहे. मानसशास्त्रज्ञ बारूक फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या १९७२ च्या चीन आणि सोव्हिएत दौऱ्यांआधी लोकांना विचारलं, अमुक घडण्याची शक्यता किती? दौरे आटोपल्यावर तेच आकडे आठवायला सांगितले. जे घडलं, त्याला आपण आधीच जास्त शक्यता दिली होती, अशी लोकांची आठवण झाली होती. जुना कोड वाचतानाही असंच होतं. आज जे उघड दिसतं ते तेव्हाही दिसायलाच हवं होतं, असं वाटतं. तेव्हा गिऱ्हाइकानं अर्धीच गरज सांगितली होती आणि मुदत शुक्रवारची होती, हे कोडमध्ये कुठं लिहिलेलं नसतं.

उलटही घडतं. क्रमानं लावलेल्या यादीत दर वेळी मधली नोंद बघून उरलेला अर्धा भाग गाळत शोधायचं, याला बायनरी सर्च म्हणतात. जावा या प्रोग्रामिंग भाषेतला बायनरी सर्च जोशुआ ब्लॉक यांनी लिहिला. नीटनेटका, कोणीही अभिमान बाळगावा असा. त्यात यादीचा मध्य काढायला दोन टोकांची बेरीज करून दोननं भागलं होतं. बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या, म्हणजे तिच्यासाठीच्या जागेत मावणाऱ्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या, पुढे गेली, की ती उलटून ऋण होते. त्यासाठी यादीत शंभर कोटींहून जास्त नोंदी लागतात, त्यामुळे ही चूक सुमारे नऊ वर्षं निवांत पडून राहिली. २००६ मध्ये ब्लॉक यांनी स्वतःच ती जगजाहीर केली.

माझ्याच एका जुन्या फाइलीत, दुसऱ्या यंत्रणेकडून आलेला दस्तऐवज उघडण्याआधी दोन सेकंद थांबायची ओळ होती. टिप्पणी नाही, काही नाही. हा काय वेडेपणा, असं म्हणत मी ती काढून टाकली. तीन दिवस सगळं सुरळीत चाललं. चौथ्या दिवशी एक अवजड दस्तऐवज आला आणि पुरता उतरायच्या आतच वाचला जाऊन अर्धवट साठवला गेला. ओळ परत घातली. मग उत्सुकतेपोटी तिचा इतिहास चाळला. ती मी त्याआधीही एकदा काढली होती, आणि आठवड्याभरानं, काहीही कारण न लिहिता, परत घातली होती.