२७ वेळा चेंडू, २७ यार्ड

१२ ऑक्टोबर २०१३ ची ही गोष्ट. अमेरिकेत मिशिगन आणि पेन स्टेट या दोन विद्यापीठांच्या फुटबॉल संघांचा सामना होता. फुटबॉल म्हणजे त्यांचा, हेल्मेट घालून खेळायचा. मिशिगनचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू काखेत मारून पळणारा गडी, फिट्झगेराल्ड टूसेंट. त्याच्या हाती २७ वेळा चेंडू दिला गेला आणि तो एकूण २७ यार्ड पुढे गेला. मीटरमध्ये पावणेपंचवीस. कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब असतं, तेव्हा दोन मैदानांएवढंही अंतर झालं नाही. चार जादा डाव चाललेला तो सामना मिशिगन ४३-४० ने हरलं.

ॲन आर्बरला, म्हणजे मिशिगन विद्यापीठाच्या गावी, शिकणाऱ्या माझ्या भाच्याचा दुसऱ्या दिवशी फोन आला. "मामा, त्या टूसेंटला पळताच येत नाही. आणि कोच येडा आहे, परत परत मधूनच पळवतो!" मिशिगनच्या लाखभर चाहत्यांचं तेव्हा हेच म्हणणं होतं. '२७ मध्ये २७' ही तर त्यांच्यात म्हणच होऊन बसली.

मी या खेळाचा जाणकार नाही, पण पदार्थविज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं. भाच्याच्या पहिल्या वाक्यानेच डोकं खाल्लं. पळणाऱ्याला पळता येत नाही हे कशावरून?

आधी खेळ थोडक्यात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे. चेंडू हवेतून फेका, नाहीतर घेऊन पळा. पळायचं ठरलं की पाच धिप्पाड गडी वाट काढून देतात. मधोमध सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड आणि टोकांना टॅकल. या पाचांना कधी कुणी टाळ्या वाजवत नाही. चेंडू त्यांच्या हातात जवळजवळ कधीच नसतो. (सेंटर तो मागे सोडतो, तेवढंच.)

त्या वर्षी मिशिगनची टोकं भक्कम होती. डावा टॅकल टेलर लेवान पुढच्या वर्षी व्यावसायिक लीगच्या निवडीत अकराव्या क्रमांकावर उचलला गेला. उजवा टॅकल मायकेल स्कोफील्ड पुढे डेन्व्हरकडून सुपर बोल, म्हणजे त्या लीगचा अंतिम सामना, जिंकला. मधले तिघे मात्र कोवळे आणि अननुभवी होते, शिवाय मोसमभर त्यांची अदलाबदल चालू होती. चाहत्यांचा हिशेब असा, की पाचातले दोन अव्वल आणि तीन बेताचे, म्हणजे सरासरी बरी असायला हवी.

पण इथे सरासरी चालत नाही, गुणाकार चालतो. एक जरी गडी चुकला तरी समोरचा एकजण मोकळा सुटतो आणि तो एकटा सगळा डाव मोडतो. समजा, पाचही जण आपलं काम दहापैकी नऊ वेळा नीट करतात. पाचही जणांचं एकाच वेळी नीट होण्याची शक्यता ०.९ चा पाच वेळा गुणाकार, म्हणजे ५९ टक्के. आता टोकाचे दोघे ९८ टक्क्यांचे धरा आणि मधले तिघे ७५ टक्क्यांचे. उत्तर येतं ४१. टोकाच्या दोघांना साक्षात भीम करून १०० टक्के दिले तरी ४२ च. तेच मधल्या तिघांना ७५ वरून नुसतं ८५ वर आणलं, की पुन्हा ५९. आकडे मी सोयीसाठी घेतलेत, आणि प्रत्यक्षात एकाची चूक दुसऱ्यालाही ओढते, त्यामुळे गणित इतकं साधंही नाही. तरी दोन हिऱ्यांनी हार का सावरला नाही ते यातून दिसतं.

आता कोवळा गडी नेमका चुकतो कशात? ताकदीत, असं वाटेल. ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं मला फार आवडतं, म्हणून जरा रेंगाळतो.

न्यूटनचा तिसरा नियम शिकवताना वर्गातलं एखादं पोर हमखास विचारतं, "सर, दोघं एकमेकांना सारख्याच बलाने ढकलतात, तर मग जिंकतो कोण?" प्रश्न खणखणीत आहे. उत्तर पायाखाली आहे. गणपतीतली रस्सीखेच आठवा. दोरीचा ताण दोन्हीकडे सारखाच असतो. ज्यांचे पाय सरकतात ते हरतात.

दोन गडी घ्या, प्रत्येकी १४० किलोंचे. प्रत्येकाचं वजन सुमारे १३७० न्यूटन, आणि जमीन तेवढ्याच बलाने प्रत्येकाला वर ढकलते. खिळ्यांचे बूट गवतात रुततात, म्हणून घर्षणांक १.२ धरू. (रुतलेल्या खिळ्याला घर्षणाचा नियम तंतोतंत लागू पडत नाही हे मान्य, पण अंदाजाला चालेल.) म्हणजे पाय न सरकता प्रत्येकजण १६४० न्यूटनपर्यंत आडवा रेटा सोसू शकतो. दोघांनी एकमेकांना १५०० न्यूटनने सरळ आडवं रेटलं तर कुणीच हलणार नाही.

आता एकाला खाली वाकवा. तो समोरच्याच्या छातीखाली हात घालून तेच १५०० न्यूटन २० अंश वरच्या दिशेने लावतो. आडवा भाग राहिला १४१०, आणि ५१३ न्यूटन उभ्या दिशेने गेले. हे ५१३ समोरच्याला उचलू बघतात, म्हणून जमिनीवरचा त्याचा भार ८५७ वर येतो आणि त्याची पकड जेमतेम १०३० न्यूटनची उरते. त्याच वेळी प्रतिक्रिया वाकलेल्याला खाली दाबते. त्याचा भार होतो १८८३ आणि पकड २२६०. रेटा १४१० चा. एकाचे पाय सुटले, दुसऱ्याचे रुतले. वजन तेच, ताकद तीच, फक्त कोन बदलला. प्रतिस्पर्ध्याने स्वतःच्या वजनातले जवळजवळ बावन्न किलो तुम्हाला उसने दिले म्हणा ना! वरून परिबल वेगळंच: रेटा जितका उंचावर बसेल तितकी टाचांभोवती उलथण्याची ओढ जास्त, आणि ती सावरायला गुरुत्वमध्य पावलांच्या पुष्कळ पुढे न्यावा लागतो, जे ताठ उभ्या माणसाला जमतच नाही. इथवर वाचून दमला असाल तर एवढंच लक्षात ठेवा, वाकलेला जिंकतो. तालमीतला वस्ताद हे गणिताशिवाय सांगतो.

वाकायचं हे पोरांना ठाऊकच असतं. पण क्षणभर जरी 'माझा गडी कोणता?' असा गोंधळ झाला तरी माणूस नकळत ताठ होतो, मान वर करून बघतो. समोरच्याचं त्वरण ४ मीटर प्रति सेकंद वर्ग धरलं, तर एका सेकंदात तो दोन मीटर आत घुसतो. पळणाऱ्याच्या हाती चेंडू येतो न येतो तोच हा पाहुणा दारात. मग टूसेंटने पळायचं कुठे?

खरी पडझड पुढेच होती. २ नोव्हेंबरला मिशिगन स्टेट या दुसऱ्या विद्यापीठाविरुद्ध मिशिगनची पळण्याची बेरीज उणे ४८ यार्ड आली. त्यांच्या इतिहासातला तो नीचांक. पुढच्या आठवड्यात नेब्रास्काविरुद्ध उणे २१. उणे ऐकून भाच्याने मला विचारलं, उलटे पळत होते का? तर यात हिशेबाची एक मेख आहे. चेंडू फेकणाऱ्या गड्याला, म्हणजे क्वार्टरबॅकला, फेकण्याआधीच मागे आडवा केला, ज्याला सॅक म्हणतात, तर ते गमावलेलं अंतर कॉलेजच्या खेळात पळण्याच्या खात्यातून वजा होतं. व्यावसायिक लीगमध्ये फेकण्याच्या खात्यातून. मिशिगन स्टेटने त्या दिवशी सात सॅक केले होते. म्हणजे त्या उणे ४८ मधलं पुष्कळसं पळण्याचं नव्हतंच.

'जिंकायचं तर जास्त पळा' हा टीव्हीवरच्या तज्ज्ञांचा लाडका मंत्रही असाच उलट्या पायांचा. जिंकणारे संघ जास्त पळतात खरे, पण आघाडी मिळाल्यावर घड्याळ संपवायला पळतात. पळवल्याने घड्याळ चालू राहतं. परिणामालाच कारण समजायचं, हे आपल्याकडे ग्रहताऱ्यांच्या बाबतीत चालतं तसंच. भाच्याने त्या मोसमात जर्सी धुतली नव्हती, सोफ्यावरची जागाही बदलत नव्हता. विज्ञानाचा विद्यार्थी! आमच्या पिढीने सचिन खेळताना बाथरूमला जाणं टाळलं, तेव्हा मी तरी कोणत्या तोंडाने बोलणार?

जानेवारी २०१४ मध्ये आक्रमणाचे प्रशिक्षक अल बोर्जेस यांना काढलं, वर्षअखेर मुख्य प्रशिक्षक ब्रॅडी होक गेले. चाहत्यांचा राग थोडा निवला. रांगेतल्या मधल्या पोरांचं वय मात्र कुणाला काढून वाढवता येत नाही. अठराव्या वर्षी आलेला मुलगा बावीसचा व्हायला चार वर्षंच लागतात.

२०२१ आणि २०२२, लागोपाठ दोन वर्षं, देशातल्या सर्वोत्तम रांगेचा 'जो मूर' पुरस्कार मिशिगनला मिळाला. ८ जानेवारी २०२४ ला ह्यूस्टनमध्ये वॉशिंग्टनला ३४-१३ हरवून ते राष्ट्रीय विजेते झाले, तेही पळून ३०३ यार्ड कमावून. भाच्याने मध्यरात्री चित्रफीत पाठवली. डोनोव्हन एडवर्ड्स ४१ यार्ड सुसाट पळतोय. "मामा, काय पळतोय बघ!" मी पहिल्या सेकंदालाच चित्र थांबवलं आणि पाच जणांच्या कमरा कुठे आहेत ते शोधत बसलो.