पावसात छत्री बिघडत नाही

मृगाची जोराची सर आली आणि टीव्हीवर ‘सिग्नल नाही’ अशी पाटी झळकली, की घरावरची छत्री (डिश अँटेना) भिजून बिघडली असे मानून मेकॅनिकला बोलावले जाते. हा समज चुकीचा आहे. सुमारे ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहाकडून येणाऱ्या केयू बँड या उच्च वारंवारतेच्या रेडिओलहरी शेवटच्या काही किलोमीटरांत पावसाच्या थेंबांत शोषल्या व विखुरल्या जातात, म्हणून सर ओसरताच चित्र आपोआप परतते. साध्या रिमझिमीतही ते जात असेल, तर मात्र छत्रीची दिशा सरकली असावी. ती निरभ्र दिवशी, पडद्यावरची सिग्नलची पट्टी पाहत जुळवावी. छत्रीऐवजी फायबर इंटरनेटवरून टीव्ही पाहिला, तर काचेच्या तारेतून येणाऱ्या त्याच्या प्रकाशाला पाऊस अडवत नाही, हे खरे. परंतु खांबावरून घेतलेली तार वाऱ्यात पडलेल्या फांदीने तुटली, तर स्ट्रीमिंग पाऊस थांबल्यावरही सुरू होत नाही.