सुपरहीरो रोल-प्लेइंग खेळ : नियमबहुल आणि मोकळे

टेबलाभोवती बसून फाशांच्या आणि बोलण्याच्या जोरावर खेळायच्या या खेळांत प्रत्येक खेळाडू एका सुपरहीरोची भूमिका घेतो. खलनायक, बघे आणि बाकीचे जग गेममास्टर चालवतो. नायकाची शक्ती मोजायची कशी, यावरून त्यांचे दोन पंथ पडतात.

मोजणाऱ्यांचा ठळक नमुना म्हणजे १९८१ चा 'चॅम्पियन्स'. ठरलेल्या गुणांतून शक्ती विकत घ्यायच्या, त्यातच बसवायच्या. ताकद १० असेल तर १०० किलो उचलतात. पुढे दर ५ ला वजन दुप्पट. मिरकरवाडा बंदरात दोर तुटून भरकटलेला ५० टनी ट्रॉलर उचलायचा तर ताकद ५५ हवी. ५० वाला २५ टनांवर थांबतो, मग खेळाडू कितीही रंगवून सांगो. १२ सेकंदांच्या फेरीचे १२ तुकडे असतात. वेग ४ असलेल्याला कृती करायला त्यांतले चारच मिळतात. नवख्याला हा तलाठ्याचा हिशेब वाटतो, पण 'माझाच हीरो भारी' हे भांडण मिटते.

'मास्क्स' (२०१६) मध्ये ट्रॉलर किती टनी, हे कुणी विचारत नाही. दोन फासे टाकायचे, त्यांच्या बेरजेत नायक स्वतःला कसा पाहतो हे सांगणारा एक आकडा जोडायचा. १० किंवा जास्त आले तर जमले. ७ ते ९ आले तरी जमते, पण नायक घाबरतो, चिडतो किंवा खचतो. नाहीतर शक्तीवरचा ताबा डळमळतो. नायक किशोरवयीन असतात. ज्यांचा शब्द त्यांना लागतो, त्यांच्या बोलण्याने हे आकडेही सरकतात: आजी 'माकडचेष्टा पुरे' म्हणाली की झालेच.

दशावतार पाहिलेल्याला हा प्रकार परका वाटू नये. तिथे लिखित संहिता नसते. आख्यान ठरते आणि संवाद नटांना रंगमंचावरच सुचतात. पण राक्षसाचा प्रवेश, पखवाजावरचे युद्ध यांची रीत सर्वांच्या अंगात मुरलेली असते. मोकळ्या खेळातही पुस्तकातला भार माणसांवर येतो, आणि गेममास्टर कच्चा असला की तो जाणवतो.

मधली वाट 'म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स'ची (२००२): वीस बाजूंचा एकच फासा, शक्तींना कमाल मर्यादा.

चॅम्पियन्समध्ये नायक रचण्यातच पहिली संध्याकाळ सरते. गणपतीला गावी आलेल्या चाकरमान्यांनी घरचा गणपती दीड दिवसाचा असल्यास मास्क्स काढावा. अनंत चतुर्दशीपर्यंत मुक्काम असेल तर चॅम्पियन्स.