स्वालबार्डचं बी कुणाचं?
दर थोड्या दिवसांनी तो फॉरवर्ड येतोच, की नॉर्वेच्या स्वालबार्डला बर्फाच्या डोंगरात जगातलं बियाणं श्रीमंतांनी कुलपात घातलंय आणि उद्या आपल्यालाच विकतील. अहो नाही हो! 2008 ला सुरू झालेली ती तिजोरी नॉर्वे सरकारची आहे आणि आतलं बी ज्याने ठेवलं त्याचंच राहतं, लॉकरसारखं, पेटी सीलबंद, दुसरा कुणी हात लावत नाही. सीरियातल्या अलेप्पोजवळची इकार्डा या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेची जीन बँक, म्हणजे बियाणं जपून ठेवायचं कोठार, युद्धात अडकली तेव्हा 2015 मध्ये त्यांनी आपलं बी परत मागवलं, लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरून वाढवलं आणि 2017 ला त्यातलं पुन्हा नेऊन ठेवलं.

दुसरी थाप म्हणजे उणे 18 डिग्रीत टाकलं की बी अमर. छे, थंडीतही ते हळूहळू म्हातारं होतं, म्हणून जीन बँकवाले अधूनमधून थोडे दाणे ओल्या कागदावर ठेवून किती मोड आले ते मोजत बसतात, उगवण साधारण 85 टक्क्यांखाली गेली की शेतात पेरून ताजं बी घ्यायचं. आणि आंबा, नारळ, कोको? त्यांचं बी वाळवलं की मेलंच, तिथे फ्रीझर काय कामाचा, बहुतेक वेळा झाडंच जिवंत सांभाळावी लागतात.