महागाईतला शेअर, मंदीतला कर्जरोखा: एक ग्वाल्हेरी पार्श्वभूमी

ठेवीचं व्याज महागाईला पुरेनासं झालं की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी पेन्शनर घरांत विचारणा सुरू होते: आता कुठले शेअर घ्यावेत? ग्वाल्हेरच्या पैशाने या प्रश्नाच्या दोन्ही बाजू, भाव चढतानाची आणि पडतानाची, शंभर वर्षांपूर्वीच पाहिल्या आहेत.

टाटांच्या पोलाद कंपनीचे शेअर १९०७ मध्ये हजारो भारतीयांनी घेतले. पुढे खेळत्या भांडवलासाठी कंपनीने ४ लाख पौंडांचे कर्जरोखे काढले, ते सगळेच्या सगळे ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी उचलले. कर्जरोख्याला ठरलेलं व्याज, शेअरला नफ्यातला वाटा. पहिल्या महायुद्धात भारतातले घाऊक भाव १९१४ ते १९२० दरम्यान दुपटीवर गेले. पोलादाला मागणी आली, शेअर चढले. ठरलेलं व्याज घेणाऱ्याच्या रुपयात मात्र निम्माच माल येऊ लागला.

मग वारं फिरलं. भाव उतरले, युरोपातलं स्वस्त पोलाद बंदरात येऊन पडलं. माल स्वस्त झाला, पण विस्तारासाठी काढलेलं कर्ज रुपयानेही घटलं नाही. भाव पडताना कंपनी बुडते ती इथे. १९२४ मध्ये टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यात पगारालाही पैसे उरले नव्हते. दोराबजी टाटांनी सुमारे १ कोटीची खासगी मालमत्ता गहाण टाकली. त्यात पत्नी मेहेरबाईंचा, कोहिनूरच्या दुपटीहून मोठा, ज्युबिली हिराही होता. अशा वेळी आधी कर्जरोखेवाल्याचं व्याज, उरलं तर शेअरवाल्याला लाभांश.

महागाईत शेअर तारतोच, असंही नाही. १९७४ मध्ये भाववाढ २५ टक्क्यांपुढे गेली आणि जुलैत सरकारने वटहुकूम काढून लाभांशावर मर्यादा घातली: निव्वळ नफ्याचा एक तृतीयांश किंवा दर्शनी किमतीच्या १२ टक्के, यांतलं कमी असेल ते. बाजार कोसळला. त्यानंतर फेरा या परकीय चलन नियमन कायद्यामुळे कोलगेट, हिंदुस्थान लिव्हरसारख्या परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा कमी करून भारतीयांना शेअर द्यावे लागले, तेही सरकारने ठरवलेल्या स्वस्त दरात. साबण, टूथपेस्टचे दर वाढले तरी गिऱ्हाईक सुटत नाही आणि डोक्यावर कर्जही फारसं नसतं. महागाईत असे शेअर धरावेत हा सल्ला आपल्याकडे रुजला तो याच अनुभवातून, आणि माझ्या मते तो आजही पक्का आहे.

नोव्हेंबर २०१४ ते मार्च २०१६ घाऊक महागाईचा दर सलग शून्याखाली होता. तेल स्वस्त झाल्याने रंग आणि टायर बनवणाऱ्यांचा कच्चा माल उतरला, त्यांचा नफा फुगला. कर्ज काढून कारखाने वाढवलेल्या पोलाद कंपन्यांना त्याच काळात हप्ते फेडणं जड झालं. त्यांतल्या काही २०१७ मध्ये दिवाळखोरीच्या दारात उभ्या राहिल्या आणि तिथले बहुतेक भागधारक हात हलवत परतले.