कीडनाशक अवशेष : संनियंत्रण व जोखीम-मूल्यमापन (मराठवाडा)

पिकावर, बियाण्यावर किंवा जमिनीत वापरलेल्या कीडनाशकाचा मूळ घटक, त्याच्या विघटनातून तयार होणारे पदार्थ आणि त्यातील विषारी अशुद्धी माती, पाणी, गाळ, हवा व शेतमालात मागे राहतात. त्यांना अवशेष म्हणतात. ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या काळाने नमुने घेऊन त्यांची मात्रा मोजणे हे संनियंत्रण. ती मात्रा माणसाला किंवा इतर जीवांना कितपत घातक आहे हे ठरवणे हे जोखीम-मूल्यमापन. कापूस, सोयाबीन, तूर, मोसंबी आणि वसमत-हिंगोली भागातील हळद ही मराठवाड्यातील पिके या दृष्टीने महत्त्वाची ठरतात.

कायद्याची चौकट : नोंदणी, विक्री व वापर यांचे नियमन कीटकनाशक अधिनियम, 1968 आणि त्याखालील 1971 चे नियम यांनुसार होते. शेतमालातील कमाल अवशेष मर्यादा अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण ठरवते. जिथे स्वतंत्र मर्यादा दिलेली नाही तिथे सर्वसाधारणपणे 0.01 मिग्रॅ. प्रतिकिग्रॅ. ही मर्यादा धरतात. पिकासाठी ठरवलेली कमाल मर्यादा शिफारशीप्रमाणे फवारणी केल्यास जास्तीत जास्त किती अवशेष राहावा यावरून बसवलेली असते. ती ओलांडली म्हणजे विषबाधा होईलच असे नाही, हे वृत्तपत्री चर्चेत बहुधा निसटते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक 10500 (2012) लागू आहे. मातीला मात्र अन्नासारखी मर्यादा नाही. केंद्र शासनाची राष्ट्रीय अवशेष-संनियंत्रण योजना 2005-06 पासून चालू आहे. कीडनाशक-अवशेषांवरील अखिल भारतीय संशोधन प्रकल्पाचे महाराष्ट्रातील केंद्र राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात आहे, तर द्राक्षांच्या निर्यातीसाठीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा पुण्याजवळ मांजरी येथे आहे. तालुक्याच्या गावाहून नमुना तिथवर गारठलेल्या अवस्थेत पोचवणे हा कामाचा निम्मा भाग आहे.

काळ्या जमिनीतील वर्तन : बेसाल्टपासून बनलेल्या येथील भारी जमिनीत फुगणाऱ्या स्मेक्टाइट चिकणमातीचे प्रमाण मोठे, सेंद्रिय कर्ब बहुधा कमी आणि सामू (पीएच) साधारणतः 7.5 ते 8.5 असतो. अल्कधर्मी ओलाव्यात क्लोरपायरीफॉससारखी ऑर्गनोफॉस्फेटे (स्फुरदयुक्त कीटकनाशके) तुलनेने लवकर फुटतात. पॅराक्वाट या तणनाशकासारखी धनभारित द्रव्ये चिकणमातीच्या थरांत अडकतात आणि नेहमीच्या द्रावकांनी निघत नाहीत.

द्रव्य पाझरून भूजलात जाईल का, याचा अंदाज गस्टाफसनच्या निर्देशांकाने (1989) बांधतात. मातीतील अर्धायुष्याच्या (द्रव्य निम्मे होण्यास लागणाऱ्या दिवसांच्या) लॉगला, 4 मधून शोषण-गुणांकाचा (द्रव्य मातीतील सेंद्रिय कर्बाला किती चिकटते याच्या मापाचा) लॉग वजा करून येणाऱ्या संख्येने गुणायचे. उत्तर 2.8 च्या वर आले तर द्रव्य पाझरणारे, 1.8 च्या खाली आले तर न पाझरणारे. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक वरच्या मर्यादेच्या बरेच पुढे जाते, क्लोरपायरीफॉस खालच्या मर्यादेच्याही बरेच मागे राहते. पण हा निर्देशांक पाणी मातीतून सावकाश मुरते असे गृहीत धरतो. मराठवाड्यातील भारी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, भेगा मीटरभर खोल जाऊ शकतात आणि मृगाचा पहिला जोरदार पाऊस मातीच्या कणांसकट सरळ खाली मुरमापर्यंत उतरतो. त्यामुळे ‘न पाझरणारे’ द्रव्यही उथळ विहिरीत सापडू शकते. या प्रदेशात केवळ निर्देशांकावर विसंबून विहिरी वगळणे योग्य नाही. विहिरीचे नमुने पहिल्या मोठ्या पावसानंतर, पिकाच्या ऐन फवारणी-काळात आणि रब्बीअखेर असे निदान तीनदा घ्यावेत.

नमुना घेणे : एका शेतातून नागमोडी चालीने 15 ते 20 जागा निवडतात. बांध, उकिरडा, झाडाची सावली आणि पंप भरण्याची जागा टाळतात. व्ही आकाराचा खड्डा करून 0-15 आणि 15-30 सेंमी. थरांची माती वेगवेगळी काढतात, ढेकळे फोडून मिसळतात आणि चौथाई पद्धतीने (ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवत) सुमारे 500 ग्रॅमवर आणतात. माती उन्हात वाळवू नये, काही द्रव्ये उडून जातात आणि काही उजेडाने फुटतात. सर्वांत मोठी चूक पिशवीची असते. खताच्या किंवा बियाण्याच्या रिकाम्या गोणीतून आणलेल्या मातीत बीजप्रक्रियेचे थायामेथोक्झाम हे कीटकनाशक सापडले, तर ते शेतातले की गोणीतले हे नंतर सांगता येत नाही.

पाण्यासाठी 1 लिटरची गडद काचेची बाटली वापरतात आणि हवा न ठेवता काठोकाठ भरतात. प्लॅस्टिकच्या भिंतीला पायरेथ्रॉइडे (कीटकनाशकांचा एक गट) चिकटतात व आकडा खोटा कमी येतो. बोअरची मोटार आधी चालू ठेवून पाइपातले साचलेले पाणी काढून टाकावे लागते. नमुना 4° से. तापमानाला ठेवून शक्यतो आठवड्याच्या आत निष्कर्षण करतात. मोसंबीची किमान 10 फळे, एकूण निदान 1 किग्रॅ., सालीसकट घेतात. खाणारा साल टाकत असला तरी मर्यादा संपूर्ण फळासाठी आहे.

विश्लेषण : 2003 मध्ये प्रसिद्ध झालेली ‘क्वेचर्स’ पद्धत आता सर्वत्र रूढ आहे. 10 ग्रॅम वाटलेला नमुना, 10 मिलि. अ‍ॅसिटोनायट्राइल, 4 ग्रॅम निर्जल मॅग्नेशियम सल्फेट व 1 ग्रॅम मीठ एकत्र जोरात हलवून अपकेंद्रित्रात फिरवतात. वरच्या थराची शुद्धी करून तो द्रव किंवा वायू वर्णलेखक-द्रव्यमानमापीत (द्रव्ये वेगळी करून वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रात) सोडतात. सल्फेट ओले होताना तापते, म्हणून नळ्या बर्फात ठेवणे बरे. कोरड्या मातीत व डाळीत आधी पाणी घालून अर्धा तास मुरू द्यावे लागते. हळदीचे फक्त सुमारे 2 ग्रॅम घेतात, कारण तिचा रंग आणि तेल यंत्रात अडथळा आणतात. मोसंबीच्या सालीतील तेलाचाही हाच त्रास होतो. म्हणून तुलनेसाठीचे ज्ञात मात्रेचे प्रमाण-द्रावण शुद्ध द्रावकात न करता अवशेषमुक्त मोसंबीच्याच अर्कात करतात. ज्ञात मात्रा घालून केलेल्या चाचणीत 70 ते 120 टक्के परत मिळाली तर पद्धत ग्राह्य धरतात. ग्लायफोसेट हे तणनाशक या पद्धतीत येत नाही. मँकोझेब हे बुरशीनाशक कार्बन डायसल्फाइडच्या रूपात मोजतात, पण कांदा-लसणातील नैसर्गिक गंधकसंयुगेही तोच वायू देतात, म्हणून तिथे होकारार्थी निकाल जपून वाचावा.

जुन्या अवशेषांचा उगम : येथे अभ्यासकांत एकमत नाही. शेतीतील डीडीटीचा वापर 1989 मध्ये, तांत्रिक (अनेक रूपांचे मिश्रण असलेल्या) बीएचसीचा 1997 मध्ये आणि लिंडेनचा (बीएचसीच्या शुद्ध गॅमा रूपाचा) 2013 मध्ये थांबला. हिवताप-नियंत्रणासाठी घरांच्या भिंतींवर डीडीटीची फवारणी 1950 च्या दशकापासून झाली व शेतीबंदीनंतरही तिला मुभा होती. त्यामुळे मातीत सापडलेला डीडीटी शेतातला की गावातला, जुना की नवा, हा प्रश्न उरतो. डीडीटीच्या विघटनातून बनणाऱ्या डीडीई व डीडीडी यांची बेरीज मूळ डीडीटीच्या तुलनेत जास्त असल्यास अवशेष जुना समजण्याचा प्रघात आहे. हवेशीर मातीत मुख्यतः डीडीई, पाणी तुंबलेल्या किंवा गाळातल्या मातीत डीडीडी तयार होते, हेही त्यात पाहावे लागते.

तिसरी शक्यता डायकोफॉलची. कोळीनाशक म्हणून वापरल्या गेलेल्या या द्रव्यात डीडीटी अशुद्धी म्हणून येतो. भारतात त्यावर 2023 मध्ये बंदी आली. तांत्रिक डीडीटीमध्ये ऑर्थो-पॅरा व पॅरा-पॅरा (रेणूतील क्लोरीनच्या जागेनुसार वेगळ्या) रूपांचे गुणोत्तर सुमारे 0.2 ते 0.3 असते, डायकोफॉलमध्ये ते 7 च्या आसपास नोंदले गेले आहे. यावरून उगम ठरवण्याची पद्धत सोयीची आहे, पण दोन्ही रूपे सारख्या वेगाने नाहीशी होत नाहीत आणि मधले गुणोत्तर मिश्रणाचे की विघटनाचे हे त्यातून कळत नाही. टोकाच्या मूल्यांपुरताच तिच्यावर भर देणे अधिक सुरक्षित वाटते. बीएचसीबाबत अल्फा व गॅमा रूपांचे 4 ते 7 गुणोत्तर तांत्रिक मालाकडे, तर 1 पेक्षा कमी गुणोत्तर लिंडेनकडे बोट दाखवते. नाथसागराच्या (पैठणच्या जायकवाडी धरणाच्या) पाण्याबाबत आणखी एक अडचण आहे. गोदावरीचे पाणी नाशिक-अहिल्यानगरकडून येते, त्यामुळे तिथे सापडलेला अवशेष पैठण परिसरातील फवारणीचा मानता येत नाही.

जोखीम : माणसासाठी रोजचे अंदाजित सेवन व स्वीकार्य दैनिक सेवन (आयुष्यभर रोज घेतली तरी अपाय न करणारी मात्रा) यांचे गुणोत्तर काढतात. क्लोरपायरीफॉसची पाण्यातील मर्यादा प्रतिलिटर 30 मायक्रोग्रॅम आहे. 60 किग्रॅ. वजनाचा माणूस 2 लिटर पाणी पितो असे धरल्यास त्याला किलोमागे 1 मायक्रोग्रॅम मिळतो. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ-समितीच्या किलोमागे 10 मायक्रोग्रॅम या स्वीकार्य सेवनाचा तो दहावा हिस्सा. एप्रिल-मेमध्ये रानात राबणारी मजूर बाई 6 लिटर पाणी सहज पिते. तिच्यासाठी, वजन तेच धरले तरी, तोच आकडा 30 टक्क्यांवर जातो. शिवाय युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2019 मध्ये या द्रव्यासाठी सुरक्षित पातळी ठरवताच येत नाही असे मत दिले आहे. येथील मूल्यमापनात 2 लिटरचे गृहीतक तसेच उचलू नये.

मधमाश्यांसाठी हेक्टरी ग्रॅम मात्रेला मधमाशीच्या मारक मात्रेने (निम्म्या माश्या मारणारी, प्रतिमाशी मायक्रोग्रॅममध्ये) भागतात; उत्तर 50 च्या वर गेल्यास पुढील चाचणी लागते. इमिडाक्लोप्रिडची हेक्टरी 25 ग्रॅम मात्रा आणि स्पर्शाने 0.081 मायक्रोग्रॅम मारक मात्रा धरल्यास हे उत्तर 300 च्या वर येते. फुलोऱ्यातल्या तुरीवरची सकाळची फवारणी टाळण्याचा सल्ला या धोक्याशी जुळतो.

बीड-जालना भागातील रेशीम उद्योगामुळे एक अतिसंवेदनशील जैविक निर्देशक आपोआप उपलब्ध झाला आहे. शेजारच्या सोयाबीनवरचा फवारा वाऱ्याने तुतीवर आला, तर अळ्या डोके वर करून झटकतात, तोंडातून हिरवट द्रव टाकतात, आखडतात व कोष न करता मरतात. अशा वेळी मेलेल्या अळ्यांपेक्षा उरलेला पाला तपासणे उपयोगी. बांधालगतच्या ओळी आणि मधल्या ओळी यांचा पाला वेगवेगळ्या पिशव्यांत, त्याच दिवशी गोठवून पाठवतात. बांधाकडून आत येताना अवशेष घटत गेला तर फवारा बाहेरून आला असे मानतात. सर्व ओळींत सारखाच असला तर स्वतःच्या पंपाची, किंवा ‘जैविक टॉनिक’ म्हणून आणलेल्या बाटलीची तपासणी करावी लागते. जैवउत्तेजकांत (पीकवाढीसाठी विकल्या जाणाऱ्या अशा टॉनिकांत) 0.01 पीपीएमपेक्षा (दशलक्ष भागांत 0.01 भागापेक्षा) जास्त कीडनाशक नसावे, अशी अट खत नियंत्रण आदेशात 2021 मध्ये घातलेली आहे.