‘रिमूव्ह कर्स’ने तलवार शुद्ध का होत नाही: पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रं वठवण्याच्या खेळाच्या, मराठी-कन्नड मिसळून चालणाऱ्या टेबलांवर एक वाद हमखास निघतो. क्लेरिक, म्हणजे पुजाऱ्याचं पात्र, शापित तलवारीवर ‘रिमूव्ह कर्स’ हा शाप काढण्याचा स्पेल, म्हणजे मंत्र, टाकतो. मराठी खेळाडू म्हणतो ‘शाप काढला’, कन्नड बोलणारा जोडीदार म्हणतो ‘शापविमोचने आय्तु’, आणि तलवार परत कमरेला लागते. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणतो, शाप आहे तिथेच आहे. यात खेळाडूंची चूक थोडी, त्या नावाची जास्त.

१९७४ च्या मूळ डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये या नावाचा अर्थ सरळ होता. तिसऱ्या पातळीचा हा स्पेल शापित तलवारीवर टाकला की ती साधी तलवार होई. शाप जाई, पण जादूही जाई. हाती नुसतं लोखंड उरे. १९७८ च्या ‘अॅडव्हान्स्ड’ खेळाच्या पुस्तकात हे उलटं झालं: ढाल, शस्त्र, चिलखत यांच्यावरच्या शापाला स्पेलचा धक्का लागत नाही, फक्त बाधित माणसाला ती वस्तू टाकून देता येते. नाव मात्र तेच राहिलं. पुढे २००० च्या तिसऱ्या आवृत्तीनेही हाच नियम जवळपास शब्दशः चालवला.

हा फरक आपल्याला खरं तर सोप्या शब्दांत सांगता येतो. १९७८ नंतरचा ‘रिमूव्ह कर्स’ म्हणजे उतारा. माणसावरून लिंबू, नारळ, दहीभात ओवाळून तिकटीवर ठेवतात. माणूस मोकळा होतो, पण तिकटीवरचा नारळ कोणी उचलून खात नाही. तलवारीचंही तेच. तिला वळसा घालून पुढे जायचं, उचलायची नाही. ‘शाप काढला’ म्हटलं की ही अर्धी गोष्ट गळते, आणि ‘शापविमोचन’ तर साफ दिशाभूल करतं, कारण त्यात शापच संपल्याचा अर्थ आहे.

हा बदल योग्य की अयोग्य यावर जुने खेळाडू अजून भांडतात. तक्रार अशी की स्पेलचं नाव एक सांगतं आणि काम दुसरंच करतं. बदलाची बाजू मात्र भक्कम आहे. पाचव्या लेव्हलच्या क्लेरिकला रोज मिळणाऱ्या स्पेलने वस्तूच साफ होऊ लागली, तर शापित वस्तू म्हणजे एका रात्रीची गैरसोय ठरते.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने गोंधळ मिटवायला हवा होता, पण शब्दरचनेने तो वाढवला. पहिलं वाक्य म्हणतं, एका प्राण्यावरचे किंवा वस्तूवरचे सगळे शाप संपतात. लगेच दुसरं म्हणतं, वस्तू शापित जादूची असेल तर तिचा शाप राहतो, फक्त मालकाचं ‘अट्यूनमेंट’, म्हणजे वस्तूशी जुळलेलं नातं, तुटतं. घाईत वाचणारा पहिल्या वाक्यावरच थांबतो. मग गटातला दुसरा कोणी तासाभराच्या छोट्या विश्रांतीत त्याच तलवारीशी जुळवून घेतो आणि शाप नव्या हाताला चिकटतो. २०२४ च्या सुधारित पुस्तकातही नियम हाच आहे.

दुसरा घोळ त्याहून जुना आहे: ‘शापित’ आणि ‘दुष्ट’ एकच समजणं. १९७४ मध्येच तलवारींना बाजू होती. ‘लॉ’चा (सुव्यवस्थेच्या बाजूचा) माणूस ‘केऑस’ची (अराजकाच्या बाजूची) तलवार उचलायला गेला तर २ ते १२ गुणांची इजा, तटस्थ असेल तर १ ते ६. यात शाप कुठेच नाही. २००३ च्या ३.५ नियमांत, म्हणजे तिसऱ्या आवृत्तीच्या सुधारित नियमांत, हे जास्त स्पष्ट दिसतं. ‘अनहोली’, म्हणजे अपवित्र, शस्त्र सज्जनाने धरलं की एक निगेटिव्ह लेव्हल बसते (ताकद एक पायरी घटते) आणि शस्त्र हातात असेतो राहते. त्यावर ‘रिमूव्ह कर्स’ टाकणं म्हणजे स्पेल वाया. उलट नुसत्या उणे दोनच्या (वाराच्या फाशातून दोन वजा करणाऱ्या) शापित तलवारीवर ‘डिटेक्ट इव्हिल’ हा दुष्टपणा ओळखणारा स्पेल काहीच दाखवत नाही, कारण ती दुष्ट नाही, फक्त खोटी आहे. तिसरा प्रकार जाणत्या तलवारींचा. त्यांना बुद्धी, अहंकार आणि स्वतःचं मत असतं. तिथे समजूत काढावी लागते किंवा इच्छाशक्तीची झुंज.

वस्तू खरोखर शुद्ध झाल्याचं पुस्तकातलं उत्तम उदाहरण म्हणजे पाचव्या आवृत्तीची ‘सोर्ड ऑफ व्हेंजन्स’. तिच्यात सूडाने पेटलेला आत्मा असतो. तिच्यावर चौथ्या पातळीचा ‘बॅनिशमेंट’ हा हद्दपारीचा स्पेल टाकला की आत्मा निघून जातो आणि साधी अधिक एकची (वारात एकची भर घालणारी) तलवार उरते. म्हणजे चाळीस वर्षांनी वस्तूच शुद्ध होण्याची १९७४ ची कल्पना परतली, पण थोडी जादू राखून आणि एका वस्तूपुरती.

बाकी वस्तूंसाठी टेबलाला स्वतःचा विधी ठरवावा लागतो. ३.५ मधलं सामान त्यासाठी पुरतं. पवित्र पाण्याच्या एका बाटलीला पाच पौंड, म्हणजे सव्वादोन किलोच्या आसपास, चांदीची पूड लागते. किंमत २५ सोन्याची नाणी. ‘कॉन्सिक्रेट’ या जागा पवित्र करणाऱ्या स्पेलला तशी एक बाटली आणि आणखी तेवढीच पूड, जागा वीस फूट त्रिज्येची, टिकते लेव्हलमागे दोन तास. आधी उतारा करून हात सोडवायचा, मगच वस्तू त्या जागेत ठेवायची. क्रम उलटला तर धरणारा वस्तू खाली ठेवूच शकत नाही आणि पूड फुकट जाते. लांबलचक विधी ठरवला असेल तर वेळही मोजा. तिसऱ्या लेव्हलच्या क्लेरिकची जागा सहा तासांतच विझते.

शेवटचा घाव मात्र उःशापाचा असावा. पुराणात शाप मागे घेतला जात नाही, त्याला सुटकेची अट जोडतात. अहल्येला रामाची वाट पाहावी लागली. तलवारीलाही अशी एकच अट द्यावी आणि ती आधीपासून लिहून ठेवावी: कणकुंबीला मलप्रभेच्या उगमात बुडवणं, किंवा जिच्यामुळे शाप लागला त्या घराण्याच्या हाती ती देणं. अट पुरी झाल्यावर तलवार नुसती साधी करायची की अधिक एकची, हेही आधीच ठरवावं. खेळाच्या मध्यावर ठरवलं तर पुढच्या प्रत्येक शापित अंगठीसाठी खेळाडू चांदीची पोती घेऊन येतात.